मोहरीर बाईंनी परत केलेला दगड

मोहरीर बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एक दगड चाटत होत्या. कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात मी नवा लेक्चरर म्हणून रुजू व्हायला गेलो होतो, हातात नेमणुकीचा कागद होता, आणि समोर सुती साडी नेसलेली चाळिशीची एक बाई डोळे मिटून दगडाला जीभ लावून बसली होती. मी दारात खाकरलो. त्यांनी जीभ आत घेतली, दगड खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चिकटतोय. म्हणजे यात चिकणमाती आहे. आपण कोण?"

"सपकाळ."

"दगड चाटता का?"

"नाही."

"मग नेमणूक कशाच्या जोरावर झाली तुमची?"

पुढची तीस वर्षं मी त्यांना ओळखत होतो. त्यांतली शेवटची अठरा-एकोणीस वर्षं आम्हा दोघांमध्ये एक गोष्ट होती, जी आम्ही कुणालाच सांगितली नाही. बाई गेल्याला आता काही महिने झालेत. आता मी ती सांगून टाकणार आहे, कारण ती सोडून बाईंबद्दल काही लिहिणं म्हणजे त्यांचा फोटो काढताना चेहऱ्यावर बोट ठेवण्यासारखं होईल.

पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या वर्षीचा त्यांचा जन्म. वडील निजामाच्या महसूल कचेरीत कारकून होते. राज्य बदललं, पण वडिलांचं टेबल आणि दौत बदलली नाही. त्यांचं ते रेखीव अक्षर बाईंकडे आलं होतं. बोलणं मात्र दोन तऱ्हांचं. वर्गात शुद्ध मराठी, आणि रिक्षावाल्याशी अशी अस्सल दखनी की तो मीटर विसरून गप्पा मारायला लागायचा. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. पडेगावला दौलताबाद रस्त्याच्या बाजूला त्यांचं छोटं घर होतं आणि अंगणात दगडांचे इतके ढीग, की नवा दूधवाला आला की आधी विचारायचा, "मॅडम, बांधकाम कधी सुरू करताय?"

बाईंना वेड होतं ते आकाशाचं, पण दुर्बीण त्यांनी आयुष्यात घेतली नाही. मी एकदा छेडलं तेव्हा म्हणाल्या, "वर बघून मान दुखते, सपकाळ. आणि वरचं अधूनमधून खाली पडतंच की. आपली अडचण वेगळीच आहे. आपला सगळा मुलूख काळ्या दगडाचा. काळ्या दगडांत आभाळातला काळा दगड पडला, तर ओळखणार कोण?" दर रविवारी त्या काठीच्या टोकाला लोहचुंबक बांधून माळ तुडवत निघायच्या. आमच्याकडचा साधा दगडही चुंबकाला थोडा चिकटतो, त्यामुळे ती काठी दिवसभर खोटं बोलायची. संध्याकाळी बाई पिशवीभर दगड आणायच्या, आणि सोमवारी सगळे इथलेच निघायचे. त्याचं त्यांना काही वाटत नसे. पुढच्या रविवारी काठी पुन्हा तयार.

दगडाला चिठ्ठी नसली की त्या त्याला अनाथ म्हणायच्या. प्रत्येक दगडावर कागदाची पट्टी हवी, त्यावर कुठे सापडला, केव्हा सापडला, कुणी दिला हे सगळं हवं. एका पोराने सहलीला न जाताच पाच दगड आणून दिले आणि त्यावर सोयगावच्या डोंगरातल्या जागा लिहिल्या. बाईंनी ते टेबलावर मांडले, एक उचलून भिंगातून पाहिला. म्हणाल्या, "हे पाचही एकाच डंपरमधून पडलेत. रस्त्याच्या कामावरची खडी आहे ही." पोरगं रडायला लागलं. बाईंनी त्याला नापास केलं नाही. पाचही दगड जिथून उचलले तिथे परत ठेवून यायला लावलं, आणि ते तिथे आहेत का, हे बघायला स्वतः गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "दगडाला स्वतःची ओळख सांगता येत नाही. आपण खोटी सांगितली तर तो जन्मभर खोटा राहतो." मला तेव्हा वाटलं, किती हा जाच! पण त्यांना असं बोलताना मी पुष्कळदा ऐकलं आणि हळूहळू मीही तसाच झालो.

आणि मग तो दगड पडला.

माझी सासुरवाडी सिल्लोडच्या पुढे, सोयगावच्या वाटेवर. कापूस वेचणीचे दिवस होते. मेहुण्याचा फोन आला की भर दुपारी मोठा धडाका झाला, खिडक्या हादरल्या, बैलं दावी तोडून पळाली आणि गयाबाईच्या रानात आभाळातून काहीतरी पडलं. मी बाईंना फक्त एवढंच सांगितलं. त्यांनी चालू तास अर्धा टाकला आणि वर्गाला म्हणाल्या, "मुलांनो, उरलेलं तुम्ही वाचा." असं त्यांनी त्याआधी कधीच केलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा दगड शेताच्या कोपऱ्यात होता आणि त्याला शेंदूर लागलेला होता. नारळाएवढा, वरून गुळगुळीत, कुणी ओल्या मातीवर बोटं दाबावीत तशा खळग्यांचा. शेंदूर जिथे पोचला नव्हता तिथे जळल्यासारखी बारीक काळी साल दिसत होती. बाई गुडघ्यांवर बसल्या. तीस-पस्तीस वर्षांचे रविवार त्या दगडात होते.

गयाबाई बाजूला उभी होती. चाळिशीच्या आतबाहेरची, हाडकुळी. मी गावचा जावई म्हणून तिने पदर सारखा केला आणि मग सांगितलं. तिची मुलगी सुली, बारा वर्षांची, भादव्यात तापाने गेली. लहान लेकरू म्हणून जाळलं नाही, याच कोपऱ्यात पुरलं. त्याला दोन महिनेही झाले नव्हते आणि पुरल्या जागेपासून चार पावलांवर हा दगड येऊन पडला.

"म्या हात लावला तवा गरम व्हती," गयाबाई म्हणाली. "तापानंच गेली ना ती. तशीच आली."

आभाळातून पडलेले दगड बहुधा गरम नसतात. लाखो वर्षं गारठलेले असतात, वरची साल क्षणभर जळते आणि लगेच निवते. उन्हात काळा दगड तापतो, एवढंच. हे बाईंना माहीत होतं, आणि एरवी त्यांनी ते तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं. पण त्या गयाबाईच्या शेजारी मातीत बसल्या आणि तिचंच बोलणं ऐकत राहिल्या. तासाभराने म्हणाल्या, "गयाबाई, ही मला थोडे दिवस न्यायचीय. ती कुठून आली ते बघायचंय. मी स्वतः परत आणून देईन, आहे तशी."

गयाबाईने माझ्याकडे पाहिलं. "जावई, तुमी सांगा. द्येऊ?"

मी म्हटलं, "द्या."

तिने दगड पदरात घेतला, बाईंच्या ओंजळीत ठेवला. "अवसेच्या आत आना. अवसेला तिला निवद दावते म्या. अन् एक ध्यानात ठिवा. हिच्यावर पानी घालू नका. म्या बी घालत न्हाई, निस्तं तेल अन् शेंदूर. ताप हाय तिला."

खरं म्हणजे असा दगड सरकारी खात्याकडे द्यायचा असतो. तो मग लांबच्या शहरात जातो, कपाटात बसतो आणि परत येत नाही. बाईंनी शब्द दिला होता, म्हणून त्यांनी कुणालाच कळवलं नाही. जे काय बघायचं ते आपल्याच प्रयोगशाळेत, आणि अवसेच्या आत परत. शब्द पाळायचा म्हणूनच त्यांनी सगळं आपल्या हातात ठेवलं, हे मला इतक्या वर्षांत कितीदा तरी आठवलंय.

आठ दिवस त्या आनंदात होत्या. तसं मी त्यांना ना आधी पाहिलं ना नंतर. भिंगातून सालीचे खळगे बघायच्या, दगड तराजूत ठेवून वजन घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हलका आहे, सपकाळ. आपल्या दगडापेक्षा हलका. तो लोखंडी नाही. कोळशासारखा आहे, फार जुना. सूर्याच्या वयाचा. असले दगड फार क्वचित मिळतात." असल्या दगडांत जिवाच्या घडणीला लागणारी संयुगं सापडतात, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. ती पृथ्वीवर आधीपासून होती की अशा दगडांतूनच आली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "आपण सगळे कदाचित असल्याच दगडांची पोरं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

नवव्या दिवशी त्यांनी ठरवलं की खालच्या बाजूने नखाएवढा काप काढायचा. दगडाच्या आत काय आहे हे बघायचं तर केसाएवढा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. त्याला दुसरा मार्ग नसतो. हातोडीने टवका काढला तर दगड कुठेही फुटला असता. दगड कापायच्या यंत्राचा काप सरळ आणि बारीक निघाला असता, वरून शेंदूर लावला की दिसलाही नसता. मी दगड शिकंज्यात बसवला. यंत्र सुरू केलं. आणि हातानेच, सवयीने, पाण्याची तोटी सोडली.

आमच्याकडे दगड कापायचा म्हणजे पाणी सोडायचंच. काळा दगड इतका कठीण असतो की पाणी नसेल तर पातं तापून जातं. मी हजारो दगड तसेच कापले होते, बाईंनी माझ्याहून जास्त. पाणी सोडताना त्यांनी मला पाहिलं, आणि त्यांच्याही मनात काही आलं नाही.

दगड कापला गेला नाही. तो विरघळला. पातं लागलं तिथे काळं पाणी सुटलं, मग दगडाची बाजूच्या बाजू चिखल होऊन खाली घसरली. डांबरासारखा आणि पहिल्या नांगरटीच्या मातीसारखा असा एक वास सगळ्या खोलीत भरला. तो वास मला अजून येतो. "बंद करा! बंद करा!" बाई ओरडल्या आणि फिरत्या पात्याखाली दोन्ही हात घातले. मी बटण बंद केलं तोवर शिकंज्यात मूठभर काळी ढेकळं उरली होती, बाकीचं मोरीच्या भोकातून जात होतं. बाईंच्या बोटातून रक्त येत होतं. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या ओंजळीतल्या चिखलाकडे बघत होत्या.

"ताप आहे तिला म्हणाली होती," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पाणी घालू नका म्हणाली होती."

असल्या दगडांचे कण ज्यांच्यामुळे एकमेकांना धरून असतात ते क्षार पाण्यात विरघळतात. पुस्तकांत ते होतं. बाईंनी ते वाचलेलंही होतं. गयाबाईने काही वाचलं नव्हतं, तिचं कारण साफ वेगळं होतं, पण तिने सांगितलेलं बरोबर होतं. आम्ही चिखल गाळणीच्या कागदावर गोळा केला, वाळवला. काळी, मऊ पूड झाली. ती एका बाटलीत बसली आणि बाटली अर्धीही भरली नाही.

दोन दिवस बाई कॉलेजात आल्या, तास घेतले, घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी जाऊन सांगते तिला." आणि मी, मी म्हणालो की नका सांगू. सासुरवाडीत मी तोंड कसं दाखवू, हे माझ्या मनात होतं. तोंडाने मी म्हणालो, "तिला हे सोसायचं नाही, बाई. तिची मुलगी दुसऱ्यांदा मेली असं सांगणार आहात का?" मग मीच म्हणालो, "शेंदराखाली कुणाला काय दिसतंय? दगड आपल्याकडे कमी आहेत का?"

बाई नाही म्हणतील असं मला वाटत होतं, म्हणाव्यात असंही वाटत होतं. त्या म्हणाल्या नाहीत.

दगड त्यांनी पडेगावच्या नाल्यातून आणला. दोन दिवस घासून त्याला तो नेमका आकार दिला, बोटं दाबल्यासारखे खळगेसुद्धा कोरले. बाजारातून शेंदूर आणला. ज्या बाईंच्या घरात देवाची तसबीर नव्हती त्या प्रयोगशाळेचं दार लावून तेलात शेंदूर कालवत होत्या आणि बोटांनी दगडाला लावत होत्या, एक थर, मग दुसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पुसू का विचारलं, कारण त्यांचे हात शेंदराने भरले होते. त्या म्हणाल्या, "नको. याच्यावर पडणार नाही तेवढं बघा."

अवसेच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो. गयाबाई रानातच होती. तिने दगड दोन्ही हातांनी घेतला, छातीशी धरला, आणि तिचा चेहरा उजळला. मी तिच्याकडेच बघत होतो म्हणून मला दिसलं, तिने दगड जरा वर-खाली केला, तान्ह्या लेकराला झेलतात तसा.

"अगं बया!" ती म्हणाली. "भरली की ओ पोरगी! वजन भरलंय तिचं! लई चांगलं ठिवलं बाई तुमी तिला."

आमचा दगड जड असतो. आभाळातला हलका होता. वजन तेवढं जुळवता आलं नव्हतं.

गयाबाईने बाईंच्या पदरात भुईमुगाच्या ओल्या शेंगा घातल्या. परतीच्या वाटेवर बाईंनी त्या मांडीवर धरून ठेवल्या. त्या शेंगा प्रयोगशाळेच्या कपाटात तशाच वाळून गेल्या, कीड लागली तरी बाईंनी टाकू दिल्या नाहीत.

त्यानंतरच्या मोहरीर बाई वेगळ्या होत्या. बाहेरच्यांना फरक कळला नसता. त्या तशाच शिकवायच्या, तशाच चिडायच्या. रविवारची काठी मात्र बंद झाली. शिवाय नळ चालू असलेल्या खोलीत त्या बसत नसत. कुणी हात धुवायला लागलं की उठून जायच्या. कपडे धुवायला बाई ठेवली होती, तिला सांगून ठेवलं होतं की मी बाहेर गेले की मगच पाणी सोडायचं. रस्त्यात शेंदूर लावलेला दगड दिसला की मला गाडी थांबवायला लावायच्या. उतरून जवळ जायच्या, दगडावर तळहात ठेवायच्या, जरा दाबून बघायच्या आणि परत यायच्या. पहिल्यांदा मी विचारलं, "काय बघता?" त्या म्हणाल्या, "गरम आहे का ते." नंतर मी विचारणं सोडून दिलं.

बाई निवृत्त झाल्यावर मी महिन्यातून एकदा पडेगावला जात असे. घरभर दगड, प्रत्येकाला पट्टी, पट्टीवर वडिलांचं वळण. फक्त कपाटातल्या त्या एका बाटलीवर पट्टी नव्हती. एकदा दुपारी चहा घेता घेता त्या अचानक म्हणाल्या, "सपकाळ, तुम्हाला ऐकू येतं का हो कधी?"

"काय?"

"वजन भरलंय म्हणते ती. मला ऐकू येतं. कुठंही. बँकेत रांगेत उभी असले तरी." एवढं बोलून त्यांनी साखर हवी का विचारलं.

मग ती बातमी आली. एका यानाने लांबच्या लघुग्रहावरून मूठभर माती उचलून आणली होती. बेन्नू नावाचा लघुग्रह. तिची पेटी वाळवंटात उतरली होती आणि शास्त्रज्ञांनी हवा-पाणी लागू न देता ती उघडून तपासली होती. बाईंचा फोन आला, "या." मी गेलो तर समोर वर्तमानपत्रांची कात्रणं, शेजारच्या कुणाकडून तरी छापून घेतलेले कागद. बाई पंचाहत्तरीच्या, पण पूर्वीसारख्या भरभर बोलत होत्या.

"बघा, जिवाच्या घडणीतली अमिनो आम्लं सापडली. वारशाच्या धाग्याची, डीएनए-आरएनएची अक्षरं, ती पाचही सापडली. आणि त्या आम्लांची डावी-उजवी रूपं, एकमेकांची आरशातली जणू, सारख्याच प्रमाणात निघाली, सपकाळ! सजीवांत सगळी डावीच असतात. इतकी वर्षं वाटत होतं की डावेपणा आभाळातूनच आला असेल. आता पुन्हा प्रश्न जिथल्या तिथे. कुणालाच माहीत नाही." मग त्यांचा आवाज बदलला. एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे वाचा."

त्या मातीत क्षार सापडले होते. खूप जुन्या, आटून गेलेल्या खाऱ्या पाण्याचे. ते पृथ्वीवर पडलेल्या दगडांत सहसा दिसत नाहीत, कारण इथल्या ओलाव्याने विरघळून जातात. म्हणून तर लोकांनी इतक्या लांब जाऊन, इतकी वर्षं थांबून, कोरडी माती आणली होती.

"ती कोरडीच आली होती आपल्याकडे," बाई म्हणाल्या. "तेलाने माखलेली. तिच्या आईने पाणी लागू दिलं नव्हतं. जे शोधायला ही माणसं तिथवर गेली ते कदाचित गयाबाईच्या रानात होतं, आणि मी ते मोरीत घालवलं." त्यांनी कागदांची घडी घातली. "ते तरी शास्त्राचं नुकसान. शास्त्र दुसरं यान पाठवील. तिला मी काय दिलं? रस्त्यावरची खडी दिली मी तिला, खोटी पट्टी लावून. मला मरायच्या आधी तिला सांगायचंय. तुम्ही गाडी काढा."

या वेळी मी नको म्हणालो नाही.

बाटली त्यांनी मांडीवर धरली होती. सिल्लोड मागे पडलं तरी ती खाली ठेवली नाही. गयाबाई जिवंत होती, वाकली होती, पण कापसाच्या त्याच रानात होती. कोपऱ्यात तो दगड शेंदराच्या थरांनी दुप्पट झाला होता. त्याच्याभोवती शेणाने सारवलेलं होतं. आम्हाला बघून ती हसली. "जावई! आन् बाई, तुमी? बसा की. सुलीला भेटाया आल्या?"

बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही, आणि दगड बदलायची कल्पना माझी होती हे मात्र सांगितलं नाही. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं तर हाताने थांबवलं.

गयाबाई ऐकत होती. तिचे हात लुगड्याच्या कापसाने भरलेल्या ओट्यात तसेच राहिले.

"पानी घातलं तुमी," ती म्हणाली.

"हो."

"म्या सांगितलं व्हतं."

"हो. सांगितलं होतंत."

बाईंनी बाटली पुढे केली. गयाबाईने ती उन्हात धरून पाहिली. "समदी हाय का यात?"

"नाही. निम्मीसुद्धा नाही."

गयाबाईने बाटली ओट्यात, कापसात ठेवली. ती रडेल, शिव्या देईल, गाव गोळा करील, असं काहीतरी होण्याची मी वाट बघत होतो, आणि झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती त्या शेंदराच्या दगडाकडे वळली.

"मंग ही कोन?"

"दगड आहे, गयाबाई. आमच्याकडच्या नाल्यातला. साधा दगड."

"म्या रोज येते हितं," गयाबाई म्हणाली. ती बाईंशी बोलत होती की स्वतःशी, मला कळेना. "रोज बसते. घरातलं समदं हिला सांगते. तुमाला खोटं वाटंल, पर ही बोलते. सुलीच्याच आवाजात बोलते. लहान व्हती तवा हिचा आवाज लहान व्हता. आता बाईमानसासारखा झालाय." तिने मान वर केली. "सुली हितं नव्हतीच, तर मंग येवढी वरसं माझ्यासंगं बोलत व्हती ती कोन, बाई?"



गयाबाईने उत्तरासाठी जरा वाट पाहिली. मग ओटा आवळला, बाटली आत घट्ट धरली आणि घराकडे चालू लागली. त्या दगडाकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

मी गाडी जवळ आणतो म्हणून बांधावर गेलो. मागे वळून पाहिलं तर बाई अजून तिथेच होत्या. खाली बसल्या होत्या, मातीत, पाय दुमडून. समोर तो शेंदराने माखलेला दगड, आता त्याचं कुणीच नव्हतं. बाईंनी त्यावर तळहात ठेवला होता आणि त्याच्याकडे खूप खाली वाकल्या होत्या, कान टेकेल इतक्या. त्या बोलत होत्या की ऐकत होत्या, ते मला बांधावरून दिसलं नाही. हाक मारायचं धाडस मला झालं नाही.